पिग्मीतले पैसे आणि बहात्तर व्होल्ट

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बाजाराच्या रस्त्याला, दुचाकीचं एक गॅरेज आहे. मालक एक्केचाळीस वर्षांचा. शिक्षण दहावी, पुढचं सगळं वस्तादाकडे. गाठीला चार लाख वीस हजार रुपये आहेत. त्यातले बहुतेक रोज संध्याकाळी पन्नास, शंभर, कधी दीडशे असे पतसंस्थेच्या पिग्मीत जमा होत गेले. ही पिग्मी गोळा करते त्याची थोरली बहीण. गावात ती सगळ्यांची अक्का. आता भावाला पुण्यात तीन महिने राहून इलेक्ट्रिक वाहनं दुरुस्त करायला शिकायचं आहे आणि त्यासाठी खातं मोडायचं आहे. बहीण म्हणते, मुदत होईपर्यंत हात लावू नकोस.

असा वाद आज घरोघरी चालू आहे. कुणाला चाळिशीत बी.एड. करायचं असतं, कुणाला संगणकाचा वर्ग, कुणाला ड्रोन उडवायचा परवाना. गॅरेजवाल्याचा प्रश्न मला त्यांत सर्वांत अवघड वाटतो. त्याने धंदा सोडलेला नाही, धंदाच त्याच्या हातून सरकतो आहे. शिवाय या दोघांनाही आपण कशाबद्दल बोलतो ते पुरतं ठाऊक आहे. म्हणून त्यांचं बोलणं इथे देतो. नावं घेत नाही.

धाकटा: या महिन्यात आठ ई-स्कूटर आल्या आणि आठही परत पाठवल्या, अक्का. ब्रेकचं, लाइटचं काम असतं तर केलं असतं. पण चार्ज होत नाही, चढाला दम देत नाही, मध्येच बंद पडते, असं कुणी म्हणालं की मला हात जोडावे लागतात.

अक्का: आणि पेट्रोलच्या किती आल्या?

धाकटा: दीडशे तरी असतील.

अक्का: मग दीडशे सोडून आठांच्या मागं कशाला लागतोस?

धाकटा: तीन वर्षांमागं अख्ख्या वर्षात आठ यायच्या नाहीत. तू आजचा हिशेब करतेस. मला अजून वीस वर्षं या स्टुलावर बसायचंय.

अक्का: वीस वर्षांत स्प्लेंडर संपणार आहेत होय? डेअरीला दूध घालायला येतात ती माणसं बघ. पंधरा-पंधरा वर्षं एकच गाडी. त्यांना कोण नवी घेऊन देणार?

धाकटा: त्यांचं बिल मला दिवाळीला मिळतं. आणि परत पाठवलेल्या आठांत कोण होते सांगू? हायस्कूलचे दोन सर, मेडिकलवाला, पोस्टातल्या मॅडम. म्हणजे ज्यांची सर्व्हिसिंग वेळच्या वेळी व्हायची आणि पैसे हातावर मिळायचे, ती माणसं.

आकड्यांचा आधार दोघांनाही आहे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात साधारण साडेअकरा लाख इलेक्ट्रिक दुचाक्या विकल्या गेल्या. नव्या विकल्या गेलेल्या दर शंभरात सहा. आधीपासून रस्त्यावर असलेल्या गाड्या धरल्या तर प्रमाण आणखी कितीतरी खाली येतं. अक्काचं म्हणणं इथे पक्कं आहे. पण गॅरेज गाड्यांच्या संख्येवर चालत नाही, कामांवर चालतं. ऑइल बदलणं, एअर फिल्टर, प्लग, क्लच प्लेट, टॅपेट, आणि काही वर्षांनी ब्लॉक-पिस्टनचं मोठं काम. यातलं एकही काम इलेक्ट्रिक गाडीला नाही. तिथे उरतात टायर, ब्रेक शू, बेअरिंग, शॉकॲब्सॉर्बर आणि वायरिंग. म्हणजे गिऱ्हाईक जातं तेव्हा एक काम जात नाही, वर्षभराची सगळी कामं जातात. आणि आधी जातं ते रोख देणारं गिऱ्हाईक. धाकट्याला हे गल्ल्यावर दिसलेलं आहे.

अक्का: तू वस्तादाकडं लूना खोलत शिकलास. मग टू-स्ट्रोक गेल्या, फोर-स्ट्रोक आल्या. बीएस-सिक्स आलं तेव्हाही म्हणालास, आता संपलं. कार्ब्युरेटर गेला, इंजेक्टर आला. तू एक स्कॅनर घेतलास, दोन महिने रात्री जागलास आणि जमवलंस. तेव्हा कुठल्या वर्गाला गेला होतास?

धाकटा: तेव्हा चुकायला जागा होती.

अक्का: म्हणजे?

धाकटा: कार्ब्युरेटर चुकीचा लावला तर गाडी धूर काढते, मिसफायर मारते. खोलायचा, परत लावायचा. मी निम्मं काम असंच चुकत शिकलोय. आणि पेट्रोलच्या गाडीची टाकी रिकामी करून कामाला बसता येतं. बॅटरी रिकामी करता येत नाही, अक्का. गिऱ्हाईक म्हणतं चार्जिंग उतरलंय, पण आत पन्नास-साठ व्होल्ट तसेच बसलेले असतात. हातातला पाना दोन टोकांना एकदम टेकला तर शेकडो अँपिअर वाहतात. बोटात अंगठी असली तर बोट भाजून निघतं.

अक्का: मग असलं काम अंगावर घ्यायचंच कशाला?

धाकटा: कारण न शिकलेले घेतायत. बहात्तर व्होल्टच्या पॅकमध्ये वीस-वीस सेल एकामागं एक जोडलेले असतात. त्यातला एक कमजोर झाला की बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट, सगळा पॅक बंद करतं, जपण्यासाठी. गिऱ्हाईक म्हणतं, बॅटरी मेली. मेलेला असतो एक सेल. काही जण सरळ बीएमएस बायपास करतात. गाडी पळते, पैसे मिळतात, आणि मग ती रात्री कुणाच्यातरी सोप्यात चार्जिंगला लागते. एका जातीचा सेल भरला की चार पूर्णांक दोन व्होल्ट दाखवतो, दुसऱ्या जातीचा तीन पूर्णांक पासष्ट. चार्जर अदलाबदल झाला तर काय होईल? हे मी कुणाच्या गाडीवर चुकत शिकू?

माझ्या मते सगळ्या वादाची मेख या उत्तरात आहे. बीएस-सिक्सचा नियम १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाला तेव्हा गावोगावचे मेकॅनिक खरोखरच आपापल्या बुद्धीवर तरून गेले. बघून, विचारून, बिघडवून शिकणं ही आपल्याकडच्या कारागिरांची मोठी परंपरा आहे, आणि अक्का तिच्याच जोरावर बोलते. पण लिथियमच्या बॅटरीत बिघडवून शिकण्याची मुभा नाही. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये देशात ठिकठिकाणी ई-स्कूटर पेटल्या, पुण्यातही पेटली, काही ठिकाणी माणसं दगावली. त्यानंतर केंद्राने बॅटरीच्या सुरक्षेचं एआयएस-१५६ हे मानक कडक केलं आणि ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झालं. म्हणजे त्याआधी विकल्या गेलेल्या गाड्या जुन्या मापाच्या आहेत. तीन वर्षांची वॉरंटी असेल तर ती आता संपलेली आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात नवी बॅटरी परवडत नाही म्हणून ज्या गाड्या गल्लीतल्या गॅरेजात येतात, त्या नेमक्या याच. सर्वांत जपून हाताळायचं काम सर्वांत कमी शिकलेल्या हातांत येऊन पडतं आहे. धाकट्याला ही भीती वाटते, हे मला त्याच्या कारागिरीचं लक्षण वाटतं.

अक्काने मात्र पिग्मीच्या पावतीची पाठ वर केली आणि पेन काढलं.

अक्का: फी किती म्हणालास?

धाकटा: नव्वद हजार.

अक्का: जीएसटी धरून की वर?

धाकटा: ते विचारलं नाही.

अक्का: अठरा टक्के. सोळा हजार दोनशे. म्हणजे एक लाख सहा हजार दोनशे झाले. खोली आणि मेस?

धाकटा: बारा हजारांत भागेल महिन्याला.

अक्का: छत्तीस हजार. आता गॅरेज. घरी पंचवीस आणतोस महिन्याला, तीन महिन्यांचे पंच्याहत्तर.

धाकटा: गॅरेज बंद कुठं राहणारे? हेल्पर पोरगं आहे की. अर्धे धर.

अक्का: पोरगं सर्व्हिसिंग करेल, पंक्चर काढेल. इंजिनाला माणसं तुझ्याकडं येतात. गेले असंच धरायचं, राहिले तर बरं झालं म्हणायचं. आणि आल्यावर हत्यारं?

धाकटा: चांगला मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर, सेल तपासायचं यंत्र, स्पॉट वेल्डर, इन्सुलेटेड पाने, हातमोजे. ऐंशीपर्यंत जाईल.

अक्का: दोन लाख सत्त्याण्णव हजार दोनशे. हातात राहिले एक लाख बावीस हजार आठशे. घरखर्च बावीस हजार. साडेपाच महिने. त्यात कुणी आजारी पडायचं नाही, पाहुणा यायचा नाही, आणि परत आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ई-स्कूटरची रांग लागली पाहिजे.

पावतीच्या पाठीवर मांडलेला हा हिशेब, शिकायला निघालेल्या प्रत्येकाने करावा असा आहे. माणसं फीचा आकडा बघून ठरवतात. इथे फी नव्वद हजार आणि खर्च तिच्या तिपटीहून जास्त. ज्याची रोजची कमाई रोज लागते त्याच्यासाठी शिकण्याची मोठी किंमत बुडालेल्या दिवसांची असते. सरकारला हे कळत नाही असं नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षणाच्या काळात कारागिराला दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत ठेवली आहे. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, न्हावी, गवंडी असे अठरा व्यवसाय त्यात आहेत. मोटार मेकॅनिक नाही. ज्याचा धंदा धोरणानेच बदलतो आहे, त्याचं नाव यादीत नाही. गाड्या विजेवर जाव्यात हे मलाही मनापासून हवं आहे. हवा सगळ्यांची सुधारणार आहे. पण ती सुधारताना मेकॅनिकला नव्याने शिकण्याचा खर्च एका घराच्या पिग्मीतून निघावा, यात मला सरळ सरळ अन्याय दिसतो. अनुदान गाडी विकत घेणाऱ्याला मिळालं, बनवणाऱ्यालाही मिळालं. दुरुस्त करणाऱ्याने स्वतःचं बघायचं.

धाकट्याला हिशेब पटला, पण त्याने दुसरीकडून घेरलं.

धाकटा: पैसे काढले तर जातील म्हणतेस. तुझ्या पतसंस्थेत ठेवले तर राहतील, हे तू लिहून देशील?

अक्का: (जरा थांबून) नाही देणार.

धाकटा: बघ.

अक्का: बघायचं काय त्यात. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. आमची संस्था चांगली चाललीय, पण बुडालेल्या संस्थांच्या दारात रडणारी माणसंही बघितलीत मी. म्हणून तर सांगते, मुदत झाली की पोस्टात टाक, मोठ्या बँकेत टाक. ठेवीला धोका आहे म्हणून ती वर्गात घालायची, हा त्यावरचा उपाय नव्हे.

धाकटा: पोस्टात टाकून काय होईल? सात टक्क्यांनी माझं गॅरेज टिकेल?

अक्का: ठेव गॅरेज टिकवायला नसतेच. गॅरेज एक महिना बसलं तर घर बसू नये, म्हणून असते.

पिग्मी गोळा करणारी बाई हे बोलते तेव्हा त्याला वजन येतं. १९२८ मध्ये उडुपीत टी. एम. ए. पै यांच्या बँकेने, पुढे सिंडिकेट बँक झालेल्या संस्थेने, रोज दोन आण्यांची बचत दारात जाऊन गोळा करायला सुरुवात केली, ती याच जाणिवेतून. ज्याला महिन्याच्या शेवटी काही उरत नाही त्याच्याकडे संध्याकाळी थोडं उरतं. ते संध्याकाळीच उचललं पाहिजे. असा पैसा एकरकमी दिसायला लागला की तो एकाच कामाला लावावासा वाटतो. अक्काला त्याच्यातल्या सगळ्या संध्याकाळी आठवतात, त्यातल्या कितीतरी पावसाच्या, गिऱ्हाईक नसलेल्या.

मग तिने वर्गाचं माहितीपत्रक मागितलं. रंगीत, चार पानी. वरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत प्लेसमेंटची हमी.

अक्का: तुला नोकरी करायचीय?

धाकटा: नाही.

अक्का: मग नोकरी लावून द्यायचे पैसे तू का भरायचे? आणि हे काय, मुलाखतीची तयारी, दोन आठवडे. मोटर डिझाइन, तीन आठवडे. सॉफ्टवेअरवर सर्किट काढायचं, दोन आठवडे. हे सगळं इंजिनिअर होऊन बसलेल्या पोरांसाठी आहे. बॅटरी कुठाय यात?

धाकटा: ही बघ. पॅक खोलणे, सेल तपासणे, जोडणे, बीएमएस, आगीपासून सुरक्षा.

अक्का: किती दिवस?

धाकटा: तीन आठवडे.

अक्का: म्हणजे तीन महिन्यांतले तीन आठवडे तुझे. बाकीचे दुसऱ्यांचे.

धाकटा: पण पाया कच्चा आहे माझा. ओहमचा नियम दहावीला घोकला तेवढाच.

अक्का: त्यासाठी पुण्याला जायला लागतं? ज्या सरांची स्कूटर परत पाठवलीस ते विज्ञानाचे आहेत. रोज तासभर त्यांच्याकडं जा. त्यांनाही गाडीची गरज आहे.

हमीबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. निवडीची, नोकरीची, पगारवाढीची खोटी हमी देणं त्यांनुसार दिशाभूल ठरतं. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तरीही हमी छापली जाते, कारण घाबरलेला माणूस ती आधी वाचतो. पैसे भरण्याआधी एक गोष्ट कागदावर मागावी: मधेच सोडलं तर किती परत मिळेल. जो वर्ग हे लिहून देत नाही, त्याच्या दारातून मागे फिरावं.

अक्काचा पुढचा प्रश्न जास्त खोल होता.

अक्का: शिकून आलास. हत्यारं घेतलीस. कंपनीची गाडी आली. तिचा कंट्रोलर तुझ्या लॅपटॉपला जुळणार आहे का?

धाकटा: सगळ्यांचा नाही. काही कंपन्यांचं सॉफ्टवेअर फक्त त्यांच्या डीलरकडं उघडतं.

अक्का: मग कुलूप त्यांच्याकडं आणि किल्ली बनवायचा वर्ग तू करणार.

धाकटा: सगळ्या गाड्या कुलपाच्या नाहीत. पंचवीसच्या वेगाच्या, बिननंबरच्या गाड्या आहेत, लेड-ॲसिडवर चालणाऱ्या. त्यांना कुणी वाली नाही, कितीतरी विकणारे दुकान बंद करून गेले. मालवाहू ई-रिक्षा आहेत. चार्जर आहेत, नुसते चार्जर दुरुस्त करून द्यायला लागलो तरी काम आहे. आणि बॅटरीला कुठं पासवर्ड असतो? काहींना असतो, सगळ्यांना नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं असे चार विभाग तिने धरले. त्यावर एक संकेतस्थळही निघालं. पण ज्याने गाडी विकत घेतली त्याने ती कुठेही दुरुस्त करून घ्यावी, आणि त्यासाठी लागणारी माहिती, सुटे भाग व तपासणीचं साधन स्वतंत्र मेकॅनिकला रास्त किमतीत मिळावं, हे गल्लीत दिसायला हवं. ते दिसत नाही तोवर धाकट्याच्या शिक्षणाची निम्मी किंमत दुसऱ्याच्या हातात आहे. शिकणाऱ्याच्या कष्टांवर सगळं सोडून मोकळं होता येत नाही, ते यासाठी.

मला विचाराल तर धाकट्याने शिकलंच पाहिजे, आणि पैसे देऊन शिकलं पाहिजे. जे स्वतःच्या बाकावर चुकत-माकत शिकता येणार नाही, जिथे चूक म्हणजे कुणाचं घर, तेवढंच विकत घ्यावं, आणि ते घेताना हात आखडू नये. मल्टिमीटर धरायला शिकणं, वायरिंगचा नकाशा वाचणं, मोटरचा हॉल सेन्सर तपासणं हे गावात बसून होतं. पॅक उघडणं होत नाही. तिथे डोक्यावर जाणता माणूस उभा हवा, वाळूची बादली हवी, आणि दुसऱ्याच्या घरची बॅटरी हातात नसावी. तीन महिन्यांचं गाठोडं घेण्याची गरज त्याला नाही. अक्काचा हिशेब त्याला अडवण्यासाठी होता, पण वाट त्यातूनच निघाली.

तरी ती एका गोष्टीवर अडून राहिली.

अक्का: तुझ्याआधी पोराला पाठव.

धाकटा: त्याला? एकोणीस वर्षांचा आहे तो.

अक्का: म्हणूनच. तुला वीस वर्षं काम करायचंय, त्याला चाळीस. १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी झालाय. आयटीआयला मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल म्हणून ट्रेड आहे, दोन वर्षांचा. सरकारी आयटीआयला पैसे किती लागतात? दिवसा तिकडं, संध्याकाळी तुझ्याकडं.

धाकटा: शिकला की जाईल. समोरच्याच गाळ्यात दुकान टाकेल.

अक्का: तू नाही गेलास? वस्तादानं जाताना तुला पान्यांचा डबा दिला. चार गल्ल्या सोडून गॅरेज टाकलंस तरी त्याच्या पोरीच्या लग्नात पाहुण्यांच्या गाड्या तूच बघत होतास.

धाकटा: दोन वर्षं थांबायचं मी?

अक्का: थांब कुठं म्हटलं. तू तीन आठवड्यांचं ते बॅटरीचं शीक. त्याला पक्कं शिकू दे. दोघं असाल तर एकाचं लक्ष पॅकवर आणि दुसऱ्याचं पहिल्यावर.

या जागी मला अक्काचं म्हणणं धाकट्यापेक्षा दूरचं पाहणारं वाटतं. नव्या धंद्यासाठी साठवण खर्च करताना आपण नेहमी एकाच माणसाचं शिक्षण मोजतो. गॅरेज एकट्याचं नसतं. हेल्परच्या हातांनीही ते चालतं, आणि त्याच्या शिकण्यावर आपल्याकडे कुणी खर्च करत नाही. तो उडून जाईल ही भीती खरी आहे. पण न शिकलेला हेल्पर उद्या धाकट्याच्या पाठीमागे बीएमएस बायपास करेल, ही भीतीही तितकीच खरी.

एवढं सगळं होईपर्यंत तिसऱ्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं. धाकट्याची बायको फॉल-पिकोचं काम करते. चार लाख वीस हजारांतली एक पिग्मी तिच्या नावावर आहे आणि तिच्यात सत्तर हजार आहेत. अक्काला ते माहीत असणारच, खातं तिनेच उघडलेलं.

अक्का: तिला सांगितलंस?

धाकटा: सांगणार होतो. आधी तुझ्याशी बोलू म्हटलं.

अक्का: तुझ्या चार वीसमध्ये तिचे सत्तर आहेत. ते काढले तर मी पावतीच्या पाठीवर साडेपाच महिने लिहिले ते खरे. नाही काढले तर तीन महिन्यांच्या वर्गानंतर तुझ्या हातात बावन्न हजार आठशे उरतात. अडीच महिनेसुद्धा नाहीत. म्हणजे हा वर्ग तू तिच्या पैशांवर करणार होतास.

धाकटा काही बोलला नाही. बायको आतून सगळं ऐकतच होती, ती बाहेर आली.

बायको: अक्का, माझ्या सत्तरला हात नको. पोरीची बारावी आहे पुढच्या वर्षी, त्याला लागतील ते. बाकीचं तुम्ही दोघं ठरवा. पण यांनी शिकू नये असं मी म्हणणार नाही. परवा ते जळकं वायरिंग घेऊन आले तेव्हा यांच्या हाताला घाम होता. बघितलाय मी.

धाकटा: तीन आठवडे गॅरेज पोरावर सोडायचं म्हणजे...

बायको: कुलूप लावायचं नाही. पोरगं काम करेल, गल्ल्यावर मी बसते.

धाकटा: आणि तुझं पिको?

बायको: मशीन तिथंच आणते. शेजारी सीटकव्हरवाला आहेच, त्याचंही काम मिळेल.

अक्का: मग लाव फोन वर्गाला. नुसते बॅटरीचे तीन आठवडे देतात का विचार. पस्तीस-चाळीस हजार मागितले तरी राहणं, बुडालेली कमाई आणि लागेल तेवढीच हत्यारं धरून लाख-सव्वालाखात बसेल. जीएसटी विचारायला विसरू नकोस. आणि पॅक हातात देतात की फळ्यावर काढून दाखवतात, तेही विचार. फळ्यावर म्हणाले तर दुसरीकडं बघू.

धाकटा: आणि ते तिन्ही महिनेच घ्या म्हणाले तर?

अक्का: तर पिग्मी चालू ठेव. आजचे शंभर दे.